घंटेच्या जिन्याची किल्ली

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी पश्चिम खानदेशातल्या एका लहान गावी राहतो. एस.टी.त कारकून होतो, आता घरीच असतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच आहे. आमचं चर्च मिशनरी साहेबांच्या वेळचं, काळ्या दगडाचं. गेल्या काही वर्षांपासून लोक ते बघायला येऊ लागलेत. शाळांच्या सहली येतात, चित्रं काढणारी कॉलेजची पोरं येतात, प्री-वेडिंगवाले तर दर आठवड्याला. सगळ्यांना फिरवून दाखवायचं काम आमच्यातले एक ज्येष्ठ, आप्पा, करतात. सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. मुलांना ते घंटा वाजवायला वर नेतात.

मंडळीतल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिची दहा वर्षांची मुलगी शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गाला, यायला रडते. आप्पा जिन्यात अंधारात जवळ घेतात, नको तसा हात लावतात आणि ‘कोनले सांगू नको’ म्हणतात, असं मुलीनं आईला सांगितलं. मी पंचांच्या बैठकीत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, कपड्यावरूनच तर हात लागला, वयस्कर माणूस आहे, समज देऊ, आपसात मिटवू. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू, क्षमा करायला शिकलं पाहिजे. चर्चची शताब्दी जवळ आली आहे. एकानं तर म्हटलं, आपण मूठभर लोक, पोलीस आले की गावभर बोभाटा होईल.

दुसरं असं की आवारातल्या खोलीत एक विधवा मावशी राहतात. त्यांना कमी ऐकू येतं, अलीकडे विसरायलाही लागल्यात. श्रावणबाळचे पैसे मंडळीतला एक तरुण काढून आणतो. पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्याकडेच असतं. त्यावरही कुणी बोलत नाही. आप्पांनी माझ्या मुलांना बोट धरून अक्षरं शिकवलीत. मी काय करू?

– एक पंच

भाऊ,

हे उत्तर छापायच्या आधी आपलं फोनवर बोलणं झालं आहे. पण ते काय झालं आणि का झालं, हे इतर वाचकांना कळायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमचं पत्र वाचलं त्या क्षणी हा विषय माझ्यासाठी सल्ल्याचा राहिला नाही. मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२चा कायदा, ज्याला आपण सगळे पोक्सो म्हणतो, त्याच्या १९व्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्या ‘कोणतीही व्यक्ती’मध्ये तुम्ही आलात, अध्यक्ष आले, पाळकसाहेब आले, आणि पत्र वाचणारी मीही आले. डॉक्टर, वकील, धर्मगुरू यांना त्यातून वगळल्याचं कलमात कुठं लिहिलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला फोन करून सांगितलं की आज रात्री तुम्ही आणि मुलीच्या आईनं १०९८ला, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीला, कळवलं नाही, तर सकाळी मी कळवणार. तुम्ही घाबरलात, थोडे रागावलातही. पण रात्री साडेनऊला तुमचा निरोप आला, ‘केला फोन. आई सोबत होती.’ त्यामुळे आता मोकळेपणानं लिहिता येतंय.

चर्चचं नाव, गावाचं नाव, बांधकामाचं साल, कोणत्या मिशननं बांधलं, हे सगळं मी तुमच्या पत्रातून काढून टाकलं आहे. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून काम केलं, पूर्वेला भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात गोरे आणि गोवेकर कामगार आले तशी त्यांची देवळं उभी राहिली. तरी दगडी, घंटेची आणि शंभरी गाठलेली चर्चं आपल्या भागात बोटावर मोजण्याइतकीच. एक तपशील जास्त दिला तरी लोक मुलीच्या दारापर्यंत पोचतील. कायद्याचं २३वं कलम मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, शेजार, ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला मनाई करतं. तुमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हे लागू आहे असंच धरून चाला. ‘अमक्याच्या पोरीसाठी प्रार्थना करा’ असा संदेश कुणी चांगल्या मनानं टाकला, तरी तो तिथल्या तिथं काढायला लावा.

आता अध्यक्षांच्या बोलण्याकडे येते, कारण ते बोलणं मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा ओळखेन. बाल कल्याण समितीवर मी एक मुदत काम केलं. समोर आलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आधी कुणीतरी ‘समज’ दिलेलीच असायची. कुठं सरपंचांनी, कुठं मुख्याध्यापकांनी, कुठं देवस्थानाच्या विश्वस्तांनी. मी ख्रिस्ती नाही, आणि हे दुखणं चर्चपुरतं आहे असंही मला म्हणायचं नाही. माझ्या माहेरच्या गावातल्या देवळाच्या भांडारगृहातही असा एक अंधारा कोपरा होता. आम्ही मुली तिकडून जाताना एकमेकींचा हात धरायचो. का धरायचो, हे कुणी कुणाला कधी विचारलं नाही.

‘कपड्यावरून’ म्हणे. हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला आहे. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, कातडीला कातडी लागली नाही तर ते या कायद्याच्या सातव्या कलमात बसत नाही, असा निकाल दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. स्पर्शामागचा हेतू लैंगिक होता का, हे बघायचं, मध्ये कापड होतं की नाही हे नाही. अध्यक्षांना हेही सांगा की धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसानं त्या संस्थेतल्या मुलावर असा अत्याचार केला तर कायदा तो जास्त गंभीर धरतो. मूल बारा वर्षांखालचं असेल तरी तसंच. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. शिक्षा किमान पाच वर्षं, सात वर्षांपर्यंत. आणि माहीत असून कळवलं नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिलं तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. बैठकीचं इतिवृत्त लिहिलं असेल तर त्यात ‘समज देण्याचे ठरले’ असंच लिहिलेलं असणार. ते पान फाडू नका. जसं आहे तसं राहू द्या.

समज दिल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण सांगते. इंग्लंडात जॉन स्मिथ नावाचा वकील होता. ख्रिस्ती मुलांच्या उन्हाळी शिबिरांशी त्याचा संबंध होता आणि तिथून हेरलेल्या मुलांना तो अमानुष मारहाण करायचा. १९८२मध्येच काही जबाबदार लोकांच्या हातात त्याबद्दलचा लेखी अहवाल होता. त्यांनी तो आपल्यातच ठेवला. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. दोन वर्षांनी तो झिम्बाब्वेला गेला आणि तिथंही मुलांची शिबिरं घ्यायला लागला. २०१८मध्ये तो वारला, खटला उभा राहिलाच नाही. पुढं चौकशीचा अहवाल आला आणि इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना नोव्हेंबर २०२४मध्ये राजीनामा जाहीर करावा लागला, कारण २०१३मध्ये गोष्ट कानावर आल्यावरही तिचा पाठपुरावा नीट झाला नव्हता. चर्चचं नाव सांभाळायला म्हणून जे झाकलं, त्यानंच चाळीस वर्षांनी चर्चच्या प्रमुखाचं पद घेतलं. आणि मधल्या काळात झिम्बाब्वेतली ती मुलं.

लांबचं नको असेल तर आपलं जवळचं घ्या. १९९४मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचं जे प्रकरण बाहेर आलं ते तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेलच. त्या वेळी घराघरांत एकच वाक्य होतं, ‘आपल्या मुलीचं नाव नको यायला.’ पुढं येऊन बोलायला फार थोड्या जणी धजावल्या, आणि त्याचा फायदा कुणाला झाला हे सगळ्या खानदेशानं पाहिलं.

आता पुढं काय होईल ते सांगते, म्हणजे मुलीच्या आईला धीर राहील. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला फौजदारानं, आणि वर्दी न घालता. आई-वडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत असतं. रात्री तिला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, मुलगी घरात मावची ही आदिवासी बोलीच बोलते, मराठी शाळेपुरती. हे फार महत्त्वाचं आहे. तिला समजणार नाही अशा भाषेत लिहिलं जात असेल तर दुभाषी देणं कायद्यातच आहे. तो मागून घ्या, आणि तो मंडळीतला नको. आप्पांच्या ओळखीचा तर नकोच. समितीकडून ‘सहायक व्यक्ती’ मिळू शकते, जी खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहते. तीही मागा. वकिलाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, त्यांचा क्रमांक १५१००. आणि स्थानिक ठाण्यातला हवालदार आप्पांच्या रोजच्या बैठकीतला निघाला, तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो.

मुलीला कुणीही काही विचारायचं नाही. हे मी दोनदा लिहिते आहे असं समजा. पाळकसाहेबांनी नाही, महिला मंडळानं नाही, तुमच्या बायकोनं मायेनं जवळ घेऊनसुद्धा नाही. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल पाच तऱ्हांनी सांगतं, आणि मग कोर्टात तीच फट धरून वकील आत शिरतो. तिनं आपणहून काही सांगितलं तर ऐकायचं, ‘बरं झालं सांगितलंस, तुझं काही चुकलं नाही’ एवढंच म्हणायचं, आणि तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून ठेवायचे. आईसाठी एक करा: रविवारी उपासनेला ती आली तर तिच्या बाकावर तुम्ही सहकुटुंब जाऊन बसा. तक्रार करणाऱ्या बाईच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली की ती तक्रार मागं घ्यायच्या विचारात पडते.

तुमच्या मनात अजून एक शंका आहे, ती तुम्ही विचारली नाहीत. खोटं निघालं तर? चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, तसं कायद्यात स्पष्ट आहे. मूल चुकीचं बोललं तर मुलाला शिक्षा नाही. खरं-खोटं ठरवायचं काम तुमचं नाहीच. पंचांना ते जमणारही नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना आप्पांनी अक्षर शिकवलंय आणि उरलेल्यांच्या लग्नात ते हजर होते.

आप्पांबद्दल म्हणाल तर त्यांना अजून गुन्हेगार म्हणू नका. चौकात, ग्रुपवर, कुठंच नाही. त्यांना आधी जाऊन ‘असं असं झालंय’ म्हणून सांगूही नका. ती भेट पोलिसांची. तुम्ही सावध केलंत तर त्याच रात्री कुणीतरी मुलीच्या घरी फराळाचा डबा घेऊन जाईल आणि तिच्या आईपुढं हात जोडून बसेल. हे मी पाहिलेलं आहे. किल्ल्या मात्र लगेच परत घ्या, ‘सगळ्यांच्याच किल्ल्या जमा करतोय’ म्हणून. आप्पा एकटे पडतील, आजारी पडतील, त्यांच्याकडे कुणीतरी जायला हवं हेही खरं. पाळकसाहेबांनी जावं. पण मग मुलीच्या घरी त्यांनी जाऊ नये, तिथं दुसऱ्यानं जावं. दोन्ही उंबऱ्यांवर एकच माणूस गेला की निरोप्या होतो.

आणि क्षमेचं. मी बाहेरची बाई, तुमच्या श्रद्धेत बोट घालायचा मला हक्क नाही. एवढंच म्हणते की जिचं नुकसान झालं तिच्या वतीनं दुसऱ्यानं क्षमा करून टाकायची पद्धत कुठल्याच धर्मात नसावी. ती दहा वर्षांची आहे. तिला क्षमा करायची असेल तर ती मोठी होऊन करील, किंवा करणार नाही.

आता त्या इमारतीकडे वळते. त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, पण तुमचं पत्र वाचताना मला आधी ती इमारतच दिसली.

जुनी वास्तू म्हणजे कोपरेच कोपरे. भिंती दीड-दोन हात जाड, आतला आवाज बाहेर येत नाही. जिना गोल आणि अरुंद, एका वेळी एकच माणूस वर जाईल असा. वेस्त्रीला, म्हणजे पाळकांच्या खोलीला, जाड दार आणि आतून कडी. मागं दफनभूमी, तिथं झाडी वाढलेली. सहलीला आलेल्या मुलांना हीच ठिकाणं सगळ्यात जास्त आवडतात, आणि नको तो माणूस असेल तर त्यालाही हीच आवडतात. वर सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. तो माणूस आप्पा आहेत की देवदूत, याला महत्त्व नाही. एका माणसाकडे एकच किल्ली, आत मूल आणि दार बंद, ही मांडणीच मोडायला हवी. ती मोडली की चांगल्या माणसाचंही रक्षण होतं. उद्या तुमच्यावर कुणी आळ घेतला तर ‘मी कधी एकटा नव्हतोच’ हे तुम्हाला सांगता येईल.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. घंटेच्या जिन्याला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. दोघं आल्याशिवाय दार उघडायचंच नाही. ते दोघं नवरा-बायको किंवा बाप-लेक नकोत. वहीत लिहायचं, कोणी उघडलं, किती वाजता, कशासाठी. ही वही तुम्ही ठेवा. एस.टी.त आयुष्यभर नोंदी केल्यात, तुमच्याइतकं चोख कुणाला जमणार? जिन्यात बॅटरीवरचे दिवे लावा, भिंतीला खिळा ठोकायचीही गरज नाही. वेस्त्रीच्या दाराची आतली कडी काढून टाका. नक्षीच्या दाराला भोक पाडून काच बसवू, असं कुणी म्हणेल, ते करू नका. वारशाचंही नुकसान नको. मुलं आत असताना दार उघडंच राहील अशी फटीत लाकडी पाचर ठोकली की झालं. सहल आली की मुलं त्यांच्या शिक्षकांच्याच ताब्यात राहतील, तुमचा माणूस फक्त माहिती सांगेल. शौचालयाला न्यायचं तर त्यांच्याच बाईंनी न्यायचं. हे शाळेला आधी पत्रानं कळवायचं. मुलांचे फोटो चर्चच्या फेसबुकवर टाकायची जी हौस आहे तिला आवर घाला. चेहरा दिसणार नाही असा एखादा फोटो पुरतो.

शब्बाथशाळा, उन्हाळी बायबल शाळा, गायनाचा सराव, जिथं मुलं नेमानं येतात तिथं शिकवणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्या. पोक्सोच्या २०२०च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना हे बंधनकारकच आहे, आणि एकदा करून भागत नाही, ठरावीक काळानं पुन्हा करायचं असतं. पण दाखला म्हणजे ताईत समजू नका. आप्पांचा दाखला काढला असता तर तोही स्वच्छच आला असता. नव्या माणसाला पहिले काही महिने जुन्या माणसासोबतच ठेवायचं आणि मुलांना सरळ शब्दांत सांगायचं: ‘कोणाला सांगू नको’ असं कोणी म्हटलं तर तीच गोष्ट आधी घरी येऊन सांगायची. इंग्लंडातल्या चर्चमध्ये आता या कामासाठी नेमलेला माणूस असतो आणि त्याचा फोन क्रमांक लोकांना दिसेल असा लावलेला असतो. तुम्हीही मंडळीतली एक बाई नेमा, पंचांच्या घरातली नको. तिचा क्रमांक आणि खाली १०९८, असा फलक मराठीत आणि मावचीत दाराशी लावा. त्या फलकानं पाहुण्यांना काय वाटेल, असं कुणी विचारलं तर सांगा, मुलं घेऊन येणाऱ्याला बरंच वाटेल.

शताब्दीसाठी दुरुस्ती काढणार म्हणता. मग आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या, जी कुणाच्याच यादीत नसते. दगडाचं काम करणारे मजूर सहकुटुंब येतात. सातपुड्यातून आलेली पावरा कुटुंबं मी अशा कामांवर पाहिलीत. आई-बाप पहाडावर, म्हणजे बांधकामाच्या परांचीवर हो, आणि लहान पोरं दिवसभर आवारात एकटी, रात्री त्याच व्हरांड्यात झोपलेली. ती मंडळीतली नाहीत, सहलीचीही नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी मोजत नाही. ठेकेदाराशी करार करताना मुलांसाठी सावलीची जागा, त्यांच्याजवळ एक बाई आणि चौदा वर्षांखालचं पोर कामाला लावायचं नाही, हे लिहून घ्या. आणि ती मिशनची विहीर! तुम्ही फोनवर सहज म्हणालात की कठडा पडलाय. तो शताब्दीपर्यंत नाही, या आठवड्यात बांधा. तोवर वर जाळी टाका.

मावशींचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते वेगळंच हाताळायचं. मुलाच्या बाबतीत विचारायची मुभा नसते, कळवावंच लागतं. मावशी मोठ्या आहेत. त्यांचं म्हणणं आधी. ऐकू कमी येतं म्हणून माणसं त्यांच्याशी न बोलता त्यांच्याबद्दल बोलायला लागतात, ती सवय मोडा. सकाळी, त्या ताज्यातवान्या असताना, एखाद्या विश्वासाच्या बाईनं जवळ बसून मोठ्यानं, हळूहळू विचारावं: ‘मावशी, पैसे कोण आणतं? किती देतो? पुस्तक तुमच्याकडे हवंय का?’ तो तरुण समोर नको. कदाचित त्या म्हणतील, ‘पोरगं चांगलं हाय, माझी औषधं आणतं.’ तसं असेल तर त्याला बदनाम करू नका. पण पासबुक बँकेत भरून आणून त्यांच्या उशाखाली ठेवा आणि दर महिन्याला दोघांसमोर पैसे मोजून द्यायचे असं ठरवा. महिन्याला १५०० रुपये म्हणजे कुणाला फार वाटत नाहीत, मावशींचं सगळं त्यातच आहे.

पैसे खरोखर कमी पोचत असतील, किंवा त्या घाबरून उत्तरच देत नसतील, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. बहिरेपण किंवा विसरणं अपंगत्वात मोडत असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांकडे, छळाची माहिती देऊ शकतं. त्यांची मुलं किंवा वारसदार नातेवाईक कुठं असतील आणि सांभाळत नसतील, तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात त्यांच्या वतीनं अर्ज करता येतो. विसरणं वाढलंय म्हणता, तर आधी जिल्हा रुग्णालयात दाखवून आणा. कानाचं यंत्र मिळालं तर निम्मा विसरभोळेपणा जाईल, असंही होतं. माझ्या सासूबाईंचं तसंच झालं. आम्ही वर्षभर त्यांना भ्रमिष्ट समजत होतो आणि त्यांना नुसतं ऐकू येत नव्हतं.

काल रात्री तुम्ही पुन्हा फोन केलात. अध्यक्ष बोलत नाहीत, दोघा पंचांनी राजीनाम्याची भाषा काढली, आणि कुणीतरी तुमच्या मुलाला बाजारात गाठून ‘तुना बापनी चर्चनी इज्जत काढी’ म्हणून सुनावलं. मुलगा काही बोलला नाही, घरी येऊन जेवला आणि झोपला, एवढंच तुम्ही सांगितलंत. त्याच्याशी बोला. त्यालाही आप्पांनीच अक्षर शिकवलंय, म्हणजे तोही त्या जिन्यात गेलेला असणार. मी काही सुचवत नाही. पण त्याला काही सांगायचं असेल तर ऐकायला तुम्ही घरात आहात, एवढं त्याला कळू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: किल्ल्या जमा झाल्या, जिन्याला दोन कुलपं लागली, दुसरी किल्ली ठेवायला अजून कुणी तयार नाही, मग रविवारी घंटा कशी वाजवायची? आठ वाजता घंटा झाली नाही तर गाव विचारील, असं तुम्ही म्हणालात. वासा मजबूत आहे का बघून घंटेच्या लोलकाला एक लांब दोर बांधून घ्या, सुती, जाड, बैलगाडीचा असतो तसला. तो माळ्याच्या भोकातून खाली दारापर्यंत सोडा. दारात, सगळ्यांसमोर उभं राहून ओढा. आणि मुलांना वाजवायची हौस असेल तर त्यांनाही तिथंच ओढू द्या.